समुद्राचं यजमानपद

रत्नागिरीचा समुद्र मी बांधलेला नाही, हे मला मान्य आहे. तरीही मांडवीच्या धक्क्यावर पाहुणा "वा!" म्हणाला की माझी मान विनयाने झुकते आणि तोंडातून निघतं, "हं, बरा आहे." आणखी चार लाटा घालायच्या होत्या, पण बजेट पुरलं नाही, असा माझा चेहरा होतो. सूर्यास्त चांगला झाला तर श्रेय माझं. ढग आले तर हवामान खात्याचं.

एप्रिल-मे हा बाहेरच्यांना आंब्याचा हंगाम वाटतो. आमच्यासाठी तो नातेवाइकांचा. यंदा पुण्याहून साडू आले. सोबत मेहुणी, कॉलेजात जाणारा त्यांचा मुलगा आणि मुलाच्या मोबाइलमध्ये एक यादी. चहाचा कप खाली ठेवायच्या आत तो म्हणाला, "काका, इथे युनिक काय आहे? म्हणजे बीच सोडून. बीच काय, सगळीकडेच असतात."

हा प्रश्न मला विचारू नये, असं आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. मी आतून माझी वही आणली. सर्वसामान्य पर्यटकाला न दिसणारी रत्नागिरी तीत क्रमवार लिहिलेली आहे. वही बाहेर आली की ही कुकर उतरवते आणि डब्यात पोळ्या भरायला लागते. आता जेवायला कुणी वेळेवर परतत नाही, हे तिला अनुभवाने कळलंय.

पहिलं पान मिरकरवाड्याचं. भल्या पहाटे मंडळींना उठवून मी बंदरावर नेलं. ट्रॉलर लागत होते, टोपल्या उतरत होत्या, लिलावाचा गलका चालला होता. साडूंनी पांढरे बूट घातले होते, त्यावर मी मुद्दामच काही बोललो नाही. सौंदाळा, तारली, लेपा, मांदेली अशी नावं मी सभेत मान्यवरांची ओळख करून द्यावी तशी घेत गेलो. मग एका बाईंशी बांगड्याच्या वाट्यावरून अस्सल स्थानिक घासाघीस केली आणि पन्नास रुपये पाडून दाखवले. मेहुणी थक्क झाली. बाईंनी बांगडे पिशवीत टाकता टाकता हळूच सांगितलं, "पाहुण्यांसमोर तुमचा मान राहूदे, मामा. उद्या एकटे या नि पन्नास देऊन जा."

दिले.

पुढची पानं भरभर उलटली. रत्नदुर्ग पाहिला, भगवतीचं दर्शन झालं. किल्ल्याच्या एका अंगाला मांडवीची काळी वाळू आणि दुसऱ्या अंगाला पांढरा समुद्र. एकाच गावात दोन रंगांचे किनारे आहेत, हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं. मुलाने दोन्हीकडचे फोटो काढले आणि दोन्हींवर फिल्टर लावून ते एकसारखे निळे करून टाकले. झाडगावच्या मत्स्यालयात देवमाशाचा सांगाडा बघताना तो खरोखर गप्प झाला. सबंध सकाळीत तेवढंच, आणि नेमकं त्याबद्दल मला काही माहिती सांगता आली नाही. पतितपावन मंदिरात मी १९३१ साल, भागोजीशेठ कीर, सावरकरांची स्थानबद्धता, सर्व जातींना खुला झालेला गाभारा असं सगळं एका दमात सांगितलं. साडूंचं लक्ष गाडीकडे होतं. ती कुणाच्यातरी फाटकासमोर लावली होती.

आता थिबा. इथे खुर्ची जरा सावरून घ्या. साडूंना पळता आलं नाही, तुम्हालाही येणार नाही.

थिबा पॅलेस ही माझ्या यजमानपदाची पंगत. बाकी सगळी कोशिंबीर. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजासाठी इंग्रजांनी १९१० साली बांधून पुरा केलेला हा वाडा. उतरती छपरं, अर्धवर्तुळाकार नक्षीदार लाकडी खिडक्या, आणि जवळच्या थिबा पॉइंटवरून दिसणारी काजळी नदीची खाडी, पलीकडे भाट्याचा किनारा. पण खिडक्या कुणीही दाखवेल. मी पाहुण्यांना आवारात सावलीत उभं करतो आणि प्रश्न टाकतो.

"थिबा राजा आला कुठून?"

"ब्रह्मदेशातून."

"ब्रह्मदेशात कुठून?" कुणाला येत नाही. येऊ नये अशीच माझी इच्छा असते. "मंडालेहून! १८८५ साली इंग्रजांनी त्याला गादीवरून उतरवलं, आधी मद्रासला नेलं आणि १८८६ साली इथे आणलं. बरं, लोकमान्य टिळक जन्मले कुठे?"

"रत्नागिरीत," साडू जांभई आवरत म्हणाले.

"टिळक आळीत, १८५६ साली. आणि १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा झाली तेव्हा त्यांना पाठवलं कुठे?"

इथे मी थांबतो. हा थांबा मी अनेक पाहुण्यांवर घोटून तयार केलाय. कावळा ओरडला तरी चालतो, उलट परिणाम वाढतो.

"मंडालेला! म्हणजे मंडालेचा माणूस रत्नागिरीत आणि रत्नागिरीचा मंडालेत. १९१० च्या हिवाळ्यात टिळक तिथे पेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते, आणि त्याच सुमारास थिबा इथे या नव्या वाड्यात राहायला आला. त्याच्याही आधी दिल्लीच्या बहादूरशहाला रंगूनला नेलेलं होतं, तो तिथेच १८६२ साली वारला. आपसी बदल्या कशा कराव्यात हे इंग्रजांकडून शिकावं!"

'आपसी बदल्या' या शब्दांवर सरकारी नोकरीतले पाहुणे हमखास हसतात. शिक्षक असले तर टाळी देतात. साडू खासगी कंपनीत आहेत. ते म्हणाले, "वा, वा. इकडे टॉयलेट कुठंय?"

साडू आणि मेहुणी गेल्यावर मुलगा मागे राहिला. मोबाइल खिशात होता. म्हणाला, "काका, पण मग तो इथे दिवसभर करायचा काय?"

माझ्या वहीत याचं उत्तर नाही. थिबा आला तेव्हा सव्वीस-सत्तावीस वर्षांचा होता, १९१६ च्या डिसेंबरात इथेच वारला. तीस वर्षं. वाडा तर शेवटच्या सहा वर्षांपुरता मिळाला. त्याआधी सरकारने दिलेल्या बंगल्यात काढली. परवानगीशिवाय गावाबाहेर पाऊल टाकायचं नाही. जवळची माणकं एकेक करून विकत गेला. चार मुली याच गावात मोठ्या झाल्या आणि त्यांना शोभेलसं स्थळ इथे मिळेना. थोरलीचा जीव वाड्यावरच्या एका मराठी नोकरावर जडला. तिची लेक टुटू पुढे रत्नागिरीतच राहिली, मराठी बोलत म्हातारी झाली. राणी १९१९ साली ब्रह्मदेशात परतली. राजा परतला नाही. त्याची समाधी आज वस्तीच्या मधोमध आहे. म्यानमारचे अध्यक्ष २०१२ साली तिथे येऊन नमस्कार करून गेले, तेव्हा कुठे आमच्यातल्या कित्येकांना ती कुठल्या गल्लीत आहे हे कळलं.

मी एवढंच म्हणालो, "समुद्र बघायचा."

"रोज?"

"दुसरं काय करणार?"

मुलगा खाडीकडे बघत राहिला. मला उगाचच वाटलं, आपण ज्याला प्रेक्षणीय स्थळ म्हणून नकाशात दाखवतो ती एका माणसाची कैद होती. आपण त्याला 'आमचा थिबा राजा' म्हणतो. त्याला रत्नागिरी आवडली होती का, हे विचारायला त्या वेळी कुणी गेलं असेल असं वाटत नाही. आपसी बदलीचा विनोद मी पुढच्या पाहुण्यालाही सांगणार, ते वेगळं.

संध्याकाळी आरे-वारे. इथे माझी शेवटची विद्या. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ निघते, हे कोकणात आजोबा नातवाला शिकवतात. चतुर्थीला तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. त्या दिवशी नवमी होती. मी बोटं मोजून म्हणालो, "पावणेसात." मुलाने ॲप उघडलं. पावणेसातला जरा कमी होते. "काका, भारी!" तो म्हणाला. त्या क्षणी चंद्र माझ्याच सांगण्यावरून फिरत असल्यासारखा मी वर बघून मान डोलावली.

एक गोष्ट मी त्याला सांगितली नाही, ती तुम्हाला सांगतो. मला पोहता येत नाही. आमच्या गावात समुद्राला रोज बघणारे पुष्कळ आणि कमरेच्या वर पाण्यात गेलेले फार थोडे. बोटीवरची माणसं सोडली तर आम्ही त्याच्याशी काठावरूनच बोलतो. भित्रेपणा म्हणा हवं तर. पण ओहोटीला पाणी आत खेचतं, वरून शांत दिसलं तरी, हे काठावरच्याला ठाऊक असतं. दर मोसमात कुठल्यातरी किनाऱ्यावर कुणीतरी बुडतं. बहुतेक वेळा बाहेरगावचं, तरणं. आणि बहुतेक वेळा काठावरून कुणीतरी "नका जाऊ" म्हणून ओरडलेलं असतं. वाळूत गाडी घालणारे, रुतली की आम्हालाच ढकलायला बोलावणारे, बाटल्या फोडून जाणारे, सगळ्यांवर मला विनोद सुचतात. या एका गोष्टीवर कधीच सुचलेला नाही. ओरडणाऱ्याला वेडा समजून हसणारी ती पोरं आठवली की हात शिवशिवतात.

मुलगा गुडघाभर पाण्यापर्यंत गेला. मी "बास!" म्हटलं, तसा मागे आला. साडूंनी तेवढ्यात पांढरे बूट समुद्राच्या पाण्यात धुवून घेतले. रात्री बांगड्याचं तिखलं झालं. मुलाने मोबाइलवरच्या यादीत माझी वही जोडली, आणि थिबाच्या समोर काय लिहिलं ते मला दाखवलं नाही.

तर तुम्हीही या. वाड्याचा सुटीचा दिवस आधी विचारून घ्या. १ जूनला पावसाळी मासेमारी बंदी लागते, त्यानंतर ताजी सुरमई मागून आम्हाला अडचणीत आणू नका. आंबे विकत मिळतील. थिबाची गोष्ट फुकट आहे, पण थांब्यासकट ऐकावी लागेल. आणि पाण्यात उतरण्याआधी काठावरच्या कुणालाही विचारा, भरती आहे की ओहोटी. तो नको म्हणाला तर उतरू नका.