आजीचं पहिलं नाव

बदलापूरहून सुटलेल्या सकाळच्या लोकलमध्ये, लेडीज डब्यात, शेजारची मुलगी मोबाइलवर सिनेमा बघत रडत होती. दुसरं महायुद्ध, पॅरिस, आघाडीवर गेलेला सैनिक, मागे राहिलेली बायको. रडू खरं होतं, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गाडी तेव्हा उल्हासनगर सोडून विठ्ठलवाडीकडे निघाली होती, म्हणजे त्याच युद्धासाठी उभारलेल्या छावणीला लागून. मी विचारलं, राहतेस कुठे? "कॅम्प चार." घरात आजी आहे? "आहे ना, दादी आहे, नव्वदीची." दादीचं नाव? तिने सांगितलं. आणि लग्नाआधीचं? ती थांबली. "ते नाही माहीत."

मला ते लागलं. कारण हे उत्तर मी बदलापुरात ऐकलंय, अंबरनाथला ऐकलंय, आणि खरं सांगायचं तर माझ्या घरातही तेच आहे.

कल्याणची लष्करी छावणी ही जाणाऱ्या-येणाऱ्या पलटणींच्या मुक्कामाची जागा. युद्ध संपलं, बॅरेकी रिकाम्या झाल्या, आणि फाळणीनंतर त्यात सिंधमधून आलेली सुमारे लाखभर माणसं उतरली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी कोनशिला बसवली, उल्हास नदीवरून गावाला उल्हासनगर हे नाव मिळालं. लोक मात्र आजही कॅम्पच म्हणतात आणि पत्त्यात बॅरेक नंबर घालतात. एकेका लांबलचक बॅरेकीत किती कुटुंबं! मध्ये भिंत नाही, तागाचा पडदा. पडद्याआड बोललेलं सगळ्यांना ऐकू जातं. म्हणून जे बोलायचं नाही ते त्या पिढीने बोललंच नाही, आणि पुढे पक्क्या भिंती झाल्या तरी ती सवय सुटली नाही.

कॅम्प तीनमधल्या एका आजोबांनी काही वर्षांपूर्वी मला एक गोष्ट सांगितली, तीही सूनबाई चहा ठेवायला आत गेल्यावर. सिंधी घरांत लग्न ठरलं की मिसरी होते, आधी कच्ची, मग पक्की. खडीसाखरेने तोंड गोड करायचं आणि शब्द द्यायचा. आजोबांची पक्की मिसरी सिंधमध्येच झाली होती. ६ जानेवारी १९४८ ला कराचीत दंगल उसळली, त्यानंतर जो तो मिळेल त्या बोटीने निघाला. यांची बोट मुंबईला लागली. मुलीकडचे कुठे गेले? कुणी म्हणे अजमेर, कुणी म्हणे पिंपरीचा कॅम्प. दोन वर्षं हा विशीतला मुलगा छावण्या-छावण्यांतून तिचं नाव विचारत फिरला. पण सिंध्यांतही आपल्यासारखीच नवरीचं नाव बदलण्याची रीत. तिचं कुठे लग्न झालं असेल, तर तो विचारत होता त्या नावाची बाई आता नव्हतीच. शेवटी त्याने इथेच संसार थाटला. मी हळूच विचारलं, आजींना हे ठाऊक आहे? आजोबा दाराकडे बघत म्हणाले, "तिचीही मिसरी दुसरीकडेच झाली होती."

दोघांनी पन्नासहून जास्त वर्षं संसार केला. मुलांना यातलं काहीही माहीत नाही.

हे सिंध्यांचं दुःख, आपलं काय, असं म्हणत असाल तर जरा थांबा. बदलापूर-अंबरनाथच्या इमारतींत आज रायगडची, रत्नागिरीची, साताऱ्याची घरं आहेत, आणि त्यांतल्या कितीतरी घरांतला एक पुरुष मराठा पलटणीत होता. २१ जून १९४२ ला टोब्रुक पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन शत्रूच्या हाती सापडली. घरी काय कळतं? बेपत्ता. एवढाच शब्द. आता त्या बाईने कुंकू लावायचं की पुसायचं? सण आला की सवाष्ण म्हणून पाटावर बसायचं की मागच्या दारी? ज्यांचे नवरे परतलेच नाहीत त्यांतल्या काहींनी जन्मभर वाट पाहिली, काहींचा गाजावाजा न करता पाट लावून दिला. दुसऱ्या घरच्या मुलांना आईचं पहिलं घर कुणी सांगितलं नाही. पहिल्या घरात राहिला "मोठे आजोबा मिल्ट्रीत गेले" एवढाच उल्लेख, आणि मोठ्या आजी कोण, हे विचारायचं राहून गेलं.

मराठा पलटणीतलेच यशवंत घाडगे माणगाव तालुक्यातल्या पळसगावचे. १० जुलै १९४४ ला इटलीत, टायबर नदीच्या खोऱ्यात, वयाच्या बाविसाव्या वर्षी पडले. व्हिक्टोरिया क्रॉस मरणोत्तर मिळाला. कबर नाही, कासिनोच्या स्मारकावर नाव आहे. तिथल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. बाविसाव्या वर्षी मेलेल्या माणसाची बायको किती वर्षांची असेल, याचा हिशेब आपण करत नाही. तिचं नाव लक्ष्मीबाई होतं. राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाच्या नोंदी घरबसल्या, फुकट बघता येतात. कितीतरी भारतीय सैनिकांच्या नावापुढे बापाचं नाव, बायकोचं नाव आणि गाव लिहिलेलं आहे. घरात अमक्याची आई म्हणून उरलेली बाई तिथे स्वतःच्या नावाने आहे. आडनाव घाला आणि शोधा.

अंबरनाथच्या पलीकडे नेवाळीला त्याच युद्धाच्या काळात धावपट्टीसाठी घेतलेल्या जमिनींचा लढा अजून चालू आहे. जून २०१७ मध्ये त्यावरून आंदोलन पेटलं. त्या जमिनींचे सर्व्हे नंबर घरोघरी तोंडपाठ आहेत, असायलाच हवेत. त्याच घरांत विचारा की तेव्हा त्या शेतात लावणीला उभ्या असलेल्या पणजीचं नाव काय. सातबाऱ्यावर नाही म्हणून ते डोक्यातही नाही. १९४७ साली विशीत असलेलं माणूस आज शंभरीला टेकलंय, आणि तुम्ही दिवाळीच्या सुट्टीत विचारू म्हणता!

परवा ती मुलगी पुन्हा भेटली. दादी आधी म्हणाली, तुला कशाला हवंय. मग पेन मागितलं. वहीच्या कागदावर पूर्वीचं नाव देवनागरीत, वेड्यावाकड्या अक्षरांत. त्याखाली चार ओळी सिंधीत, अरबी लिपीतल्या, उजवीकडून डावीकडे सरळ चालत गेलेल्या. दादीने कागद हातात दिला आणि तोंड फिरवून पडून राहिली. मुलीला ती लिपी येत नाही, तिच्या वडिलांनाही येत नाही. वाचून दाखवेल असं कॅम्पात कुणी ओळखीचं आहे का, आणि ते घरचं नको, असं तिने मला विचारलं.