बंद करायचं नाही हं!

साताऱ्यात बसून सांगलीचं मशीन सांभाळणाऱ्या माणसाला मिरवायला फारसं काही नसतं. डॉक्टरला पाटी असते, वकिलाला काळा कोट असतो. माझ्याकडे एक आकडा आहे. टर्मिनलवर ‘अपटाइम’ टाइप केलं की मशीन शेवटचं सुरू झाल्यापासून किती दिवस सलग चालू आहे ते दिसतं. सांगलीच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरचा हा आकडा चार अंकी होईल त्या दिवशी मी कंदी पेढे वाटणार आहे. पाहुणे आले की चहा होईपर्यंत तो आकडा दाखवतो. एकदा एका पाहुण्यांनी चष्मा पुसून नीट पाहिला आणि विचारलं, “एवढे दिवस चालू? मग लाईटबिल केवढं येत असेल!” सौभाग्यवतींचं मत त्याहून कडक आहे. त्यांच्या मते यातलं सगळं श्रेय इन्व्हर्टरचं.

या आकड्याला शत्रू एकच, कर्नल. फौजेतला नव्हे, मशीनच्या गाभ्यातला, ज्याच्या मर्जीशिवाय आत पान हलत नाही. त्यात अधूनमधून भोक सापडतं. ते बुजवायचं तर नवा कर्नल घाला आणि मशीन बंद करून चालू करा, हा जुना रिवाज. मी चेअरमनसाहेबांना फोन करतो. ते म्हणतात, “करा की! सुरक्षा पाहिजेच. पण बंद करायचं नाही हं!” संध्याकाळी पिग्मीवाले भरणा करतात, रात्री बॅकअप चालतो, रविवारी साहेब स्वतः घरून आकडे बघतात. बंद करायला मोकळी वेळ शोधायची तर ती अमावास्येच्या रात्री दोन वाजता निघते.

हे दुखणं एकट्या सांगलीचं नाही. अमेरिकेत एमआयटीत शिकणारा जेफ अर्नोल्ड असाच एक सर्व्हर सांभाळायचा. वापरणाऱ्यांची गैरसोय नको म्हणून त्यानं अपडेट पुढं ढकललं आणि तेवढ्यात कुणीतरी आत घुसलं. त्या रागातून केस्प्लाइस निघालं, चालत्या कर्नलला ठिगळ लावणारं. 2011 मध्ये ओरॅकलनं ते विकत घेतलं. 2014 मध्ये रेड हॅटनं केपॅच आणि सुसेनं केग्राफ्ट आणलं, आणि 2015 मध्ये लिनक्सच्या 4.0 आवृत्तीत लाइव्ह पॅचिंगची सोय मूळ कर्नलमध्येच आली. युक्ती साधी आहे. प्रत्येक फंक्शनच्या उंबऱ्यावर आधीच चार-पाच बाइटची मोकळी जागा सोडलेली असते. तिथं पाटी लावायची : ‘दुकान हलवले आहे, नवीन पत्त्यावर जावे.’ जुनं फंक्शन जागेवरच राहतं, गिऱ्हाईक नव्याकडं जातं.

चेअरमनसाहेबांना हे सगळं समजावलं तर ते म्हणाले, “असं कुठं असतंय का?” इथं माझ्यातला सातारकर जागा झाला.

असतं की! कोयनेला झालंय! वीज प्रकल्पाच्या चौथ्या टप्प्याच्या हजार मेगावॅटसाठी धरणाच्या शिवसागर जलाशयातून नवीन पाणी घ्यायचं होतं. जलाशय रिकामा करायचा तर चालू टप्पे थांबतात आणि महाराष्ट्र अंधारात. म्हणून नॉर्वेत रुळलेलं लेक टॅपिंगचं तंत्र आणलं. जलाशयाच्या तळाखालून बोगदा खणत न्यायचा आणि वर पाणी तसंच भरलेलं असताना शेवटचा खडकाचा तुकडा तेवढा राखून ठेवायचा. त्या खडकात भोकं पाडून सुरुंग भरायचे, माणसं बाहेर काढायची, बटण दाबायचं. खडक फुटून खाली ठेवलेल्या खड्ड्यात पडतो, पाणी आपल्या पायानं बोगद्यात येतं आणि धरणाला कळतही नाही. 13 मार्च 1999 ला हे झालं, आशियातलं पहिलं म्हणून गाजलं. 25 एप्रिल 2012 ला पुन्हा एकदा केलं. जगात कुणीही लेक टॅपिंगचा विषय काढला की मी “आम्ही केलं” असंच सांगतो. माझा त्यातला वाटा पाटण तालुक्यात एक मामा असण्यापुरता आहे. मामाचं काम म्हणजे दुसऱ्या दिवशी पेपर वाचून “आता कोकणात वीज” असं जाहीर करणं. पण ‘आम्ही’ म्हणताना छाती आपोआप वर येते, त्याला कोण काय करणार!

साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, “तुमची कोयना आम्हाला शिकवू नका. तुम्ही तिकडं धरणाची दारं उचलता, आम्ही इकडं सांगलीत आयर्विन पुलावर पुराचे फूट मोजत बसतो.” 2019 च्या ऑगस्टमध्ये तिथली पातळी 57 फुटांवर गेली होती. माझी छाती खाली आली.

तरी शेवटी पॅच लावला. त्यावर ऑडिटरचं पत्र आलं, “कर्नल जुना आहे.” बरोबर! आतलं भोक बुजतं, पण आवृत्तीचा आकडा जुनाच दिसतो. आकड्यावर जगणाऱ्या माणसाला आकड्यावरूनच फटकावण्यात काय मजा असते ते त्या पत्रात होतं. आणि खरं सांगायचं तर गाभ्यातली मांडणीच बदलायची असेल तर हे ठिगळ पुरत नाही, कधीतरी रीस्टार्ट करावंच लागतं. ते मी पत्राच्या उत्तरात लिहिलं नाही.

यातली मला आवडणारी गोष्ट मात्र वेगळीच आहे. नवीन फंक्शन आलं तरी कर्नल सगळ्यांना एकदम हाकलत नाही. प्रत्येक चालू कामाकडं स्वतंत्र बघतो. जुन्या फंक्शनच्या आत कुणी अडकलंय का? असेल तर त्याच्यापुरतं जुनंच चालू ठेवतो, थांबतो. पंधरा-पंधरा सेकंदांनी हळूच टोचतो, “आलात का बाहेर?” तोवर अख्खं मशीन ‘संक्रमणात’.

याच पतसंस्थेत संगणक आले तेव्हा कॅशियर अण्णांना कुणी असं विचारलं नव्हतं. एकतीस मार्चची बेरीज त्यांच्या बोटांवर अर्धी होती. पेन्सिल कानावर, कीर्द मांडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी येतात तर टेबलावर कीर्द नाही, की-बोर्ड. त्या बाईंडिंगच्या वह्या रद्दीत गेल्या. अण्णा पुढं दोन वर्षं काऊंटरला बसले, पण कागदाच्या चिटोऱ्यावर बेरीज करून मगच मशीनला विचारायचे, आणि मशीनचं उत्तर आल्यावर “बरोबर आहे याचं” असं म्हणायचे. पोरं हसायची. मीही हसायचो, कारण ते मशीन मीच बसवलं होतं.

परवाचा पॅच रात्री नऊला टाकला. सगळी कामं पटापट नव्यावर आली, एक सोडून. कुठलीशी जुनी प्रोसेस डिस्कच्या उत्तराची वाट बघत आत झोपली होती. साहेबांचा फोन आला.

“झालं का?”

“एक जण आत राहिलाय.”

“कोण?”

“जुनाच आहे. येईल.”

“फोर्स करता येत नाही का?”

“येतं,” मी म्हणालो, आणि जेवायला बसलो.