बापू निघाले

पेणला जवळजवळ प्रत्येक आळीत गणपतीचा एक कारखाना आणि एक बापू असतोच. कारखान्यातून वर्षाकाठी माल बाहेर पडतो. बापू पडत नाहीत.

आमच्या आळीतल्या बापूंना मंगेशीला जायचंय. कुलदैवत आहे, स्वतःच्या गाडीने जायचं, सगळ्यांनी मिळून जायचं, इथवर पक्कं आहे. पक्कं झालं ते २०११ साली. हायवेच्या पनवेल-इंदापूर टप्प्याचं चौपदरीकरण तेव्हा नुकतं सुरू झालं होतं. "रस्ता होऊ दे, मग कसं आरामात जाऊ," बापू म्हणाले. नात तेव्हा पाळण्यात होती. आता ती दहावीच्या वयाची झाली, म्हणजे बापूंना तिच्या परीक्षेचं कारणही आयतं मिळालं.

बापू आळशी मात्र नव्हेत. ओसरीवरच्या झोपाळ्यावर त्यांची दोनशे पानी वही असते. वडखळ, नागोठणं, कोलाड, माणगाव असे मथळे आणि प्रत्येकाखाली चहा कुठे बरा, पंक्चरवाला कोणत्या हाताला, बाथरूमला आतून कडी आहे का. माणगावचं पान वेळ खोडून खोडून फाटलंय. २०२३ साली कशेडीच्या बोगद्यातून गाड्या सुरू झाल्या तेव्हा आळीला कोण आनंद झाला, बापू दोन दिवस गप्प. घाटात गाडी लागणाऱ्यांसाठी धरलेली पंचवीस मिनिटं आता घालायची कुठे? शेवटी त्यांनी ती चिपळूणच्या मिसळीत घातली.

वही उलटी धरली की घाटावरचा रस्ता सुरू होतो. खोपोली, पुणे, सातारा, कोल्हापूर, आंबोली. "लांब पडतं, पण रस्ता म्हणजे लोणी!" मग टोलची बेरीज होते आणि बापू मुकाट्याने परत वडखळला येतात.

२०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने मोटारी वाघिणीवर चढवून कोलाडहून वेर्ण्याला न्यायची सोय काढली. ट्रक तसे १९९९ पासून जातात, आता मोटारींची पाळी. संध्याकाळी पाचला कोलाड, सकाळी सहाला वेर्णा, गाडीचे ७८७५ रुपये. वेर्ण्याहून मंगेशी ती किती! त्या रात्री बापूंनी वहीला नवा पुठ्ठा घातला. सकाळी नियम कळला : गाडीमागे माणसं फक्त तीन. घरात पाच. कोणी जायचं नाही यावर खल सुरू व्हायच्या आतच मुलगा आणि सून राहायला तयार झाले. इतक्या पटकन तयार झाले की बापूंना ते लागलं.

मग रोह्याच्या मेहुण्यांचा फोन. "भावोजी, कोकण रेल्वे सुरू होते रोह्यापासून. तुम्ही पेणला बसून काय ठरवणार? या इकडे." पेण मध्य रेल्वेत येतं, हा टोमणा बापूंना बरोबर कळतो. पेणचे गणपती साता समुद्रापार जातात, असं त्यांनी ऐकवलं. तरी सल्ल्यापुरतं रोह्याला जायचं ठरलं.

पण रोह्याला जायचं कसं? मेमूने, एसटीने की गाडीने? गाडीने, तर नागोठण्याहून भिसे खिंडीतून की कोलाडवरून? खिंडीत वळणं, कोलाडला गर्दी. बापूंनी कोरं पान काढलं, पट्टी घेतली आणि समास आखला.

तेवढ्यात काकू पोह्याच्या पापडांची पिशवी घेऊन ओसरीवर आल्या आणि चपला शोधू लागल्या.

"येते हो."

"अगं, पण कशाने?"

"रिक्षाने. स्टँडपर्यंत."

दुपारी रोह्याहून फोन आला. काकू भावाकडे जेवून आडव्या झाल्या होत्या. बापूंनी पेन उघडलं.

"खिंडीतून गेलीस की कोलाडवरून?"

"काय माहीत," काकू म्हणाल्या, "माझा डोळा लागला होता."