सहीचा धनी

अमेरिकेच्या काँग्रेसने १९७५ साली अपंग बालकांना मोफत व यथायोग्य शिक्षणाचा हक्क बहाल केला आणि पुढे शाळाखात्याच्या मर्जीवर मूल सोडू नये म्हणून पालकाच्या संमतीचा अडसर घातला गेला, ही योजना शहाणपणाचीच होती. पंचाईत झाली ती न्यायालयानेच आईबापांपासून काढून परक्या घरी सांभाळावयास दिलेल्या मुलाची. समाजकल्याण खात्याचा अंमलदार त्याचे कपडे कचऱ्याच्या काळ्या पिशवीत कोंबून त्याला रातोरात दुसऱ्या गावी पोचवू शकतो. परंतु त्याच्या विशेष शिक्षणाच्या कागदावर सही करण्यास मात्र, सरकारी चाकर म्हणून, तोच अपात्र! जिच्या घरी मूल जेवते त्या बाईला सही करता येते खरी, पण राज्याच्या कायद्याची मनाई नसेल तर. कोणीच न सापडल्यास एक बदली पालक नेमावा लागतो, आणि तो ३० दिवसांत नेमण्याचा ‘वाजवी प्रयत्न’ करावा, असे त्या कायद्याच्या २००४ च्या दुरुस्तीने फर्मावले. प्रयत्नास वाजवी म्हटले की दिरंगाईला आपोआप अब्रू येते, हे कोणत्याही कचेरीतल्या कारकुनास सांगावे लागत नाही. संमती मिळाल्यावर तपासणीस साधारण ६० दिवस, आणि तेवढ्यात मुलाचे घर पुन्हा बदललेले.

जुन्या शाळेतील नोंदींचे दप्तर नसले तरी नव्या शाळेने मुलाला तत्काळ दाखल करावे, असे २०१५ चा कायदा सांगतो. त्याप्रमाणे मूल बाकावर येऊन बसते, दप्तर मागल्या जिल्ह्यात राहते, आणि आठवड्याभरात त्याच्या वर्तनाविषयी तक्रार दाखल होते. तक्रारीला कोणाचीच संमती लागत नाही.