ओमचे बाबा

डोंबिवलीहून लोकल सुटते, मांड्यांवर बॅग आडवी होते, पत्ते पिसले जातात आणि ओमचे बाबा खिशातून छोटी वही काढून हलक्या आवाजात जाहीर करतात, "आज झाली." ग्रुपमध्ये समाधानाची लहर पसरते. समोरचे काका मात्र इडलीचा डबा उघडता उघडता पुन्हा बंद करतात.

ओमच्या बाबांना स्वतःचं नाव आहे, पण ते आता फक्त पगारपत्रकावर उरलंय. एका सहकारी बँकेत ते हिशेब तपासतात आणि घरी तीन वर्षांच्या ओमचं पोट तपासतात. वहीत रकाने आहेत: तारीख, वेळ, रंग, आकार, शेरा. शीच्या आकारासाठी इंग्लंडातल्या ब्रिस्टलच्या डॉक्टरांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेला तक्ता त्यांना तोंडपाठ आहे. एक म्हणजे सुट्या कडक गोळ्या, चार म्हणजे मऊ आणि सलग, सात म्हणजे नुसतं पाणी. लग्नाच्या पंगतीत कुणी "ओम कसा आहे?" विचारलं की ते "परवा एक, काल सहा" असं उत्तर देतात आणि ओमची आई बासुंदीच्या वाटीत बघत बसते.

उपायांना तोटा नाही. पणजी सहाणेवर मुरडशेंग, हिरडा, वेखंड उगाळते. शेजारच्या काकू बेंबीभोवती हिंगाचा लेप देतात. आत्या मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढते. लोकलमधल्या विंडो सीटवाल्यांकडे साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या असतात. ग्राइप वॉटर विल्यम वुडवर्डने १८५१ साली इंग्लंडात काढलं आणि त्यात तेव्हा अल्कोहोल असे, हे वाचल्यापासून ओमचे बाबा घरातल्या बाटलीकडे संशयाने बघतात, तर आजोबा आदराने. सगळे उपाय एकाच दिवशी सुरू होतात, त्यामुळे वहीत शेरा पडतो: "हिंग + गोळ्या + दृष्ट. गुण आला. कशाने, ते तपासणे."

मग रात्री मोबाइलवर वाचन होतं आणि सकाळी एखादा पदार्थ हद्दपार होतो. गहू गेला, डाळ गेली, केळं गेलं, पेरू बियांच्या आरोपाखाली गेला. राहिलं दूध. दुधाने कधी कुणाचं वाईट केलंय? पोरगं जेवत नाही म्हटलं की घ्या बाटली. दुधाला वहीत रकानाच नव्हता.

शेवटी मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे वरात गेली. ओमच्या बाबांनी वही पुढे सरकवली. "मॅडम, मूळ त्रास जुलाबाचा." बाईंनी पानं उलटली. सोमवार निरंक, मंगळवार निरंक, बुधवार निरंक, गुरुवारी चार वेळा पातळ, चड्डी खराब.

"हे निरंक काय?"

"त्या दिवशी काही झालंच नाही."

"अहो, आजार तिथंच आहे."

बाईंनी ओमचं पोट चाचपलं. खाली डावीकडे टणक गोळे हाताला लागले. शी कडक झाली, एकदा दुखलं, पोरगं घाबरलं आणि अडवून धरायला लागलं. आत साठत गेलं, आणखी वाळलं आणि त्याच्या कडेने पातळ झिरपू लागलं. घरच्यांना तो जुलाब वाटला. एवढ्यात ओम खिडकीच्या पडद्याआड जाऊन पाय आवळून, चवड्यांवर उभा राहून डुलायला लागला. "बघा, नाचतो कसा!" आजोबा कौतुकाने म्हणाले. त्या नाचाचा व्हिडिओ सगळ्या नातेवाइकांत फिरला होता.

"आजोबा, तो नाचत नाहीये. शी अडवतोय." मग बाईंनी विचारलं, "दूध किती पितो?"

ओमच्या बाबांकडे पहिल्यांदाच आकडा नव्हता. ओमची आई शांतपणे म्हणाली, "पाच बाटल्या. लिटरभर."

दूध निम्म्याहून कमी झालं. गहू, डाळ, केळं, पेरू सन्मानाने परत आले. शी मऊ करणारं औषध सुरू झालं आणि चार दिवस बरं वाटलं म्हणून बंद करायचं नाही, काही महिने चालवायचं, अशी ताकीद मिळाली. जेवणानंतर पाच मिनिटं कमोडवर बसवायचं, पायांखाली स्टूल द्यायचं, रागवायचं नाही. शेवटची सूचना सगळ्यांत अवघड होती. बाथरूमच्या दाराशी अख्ख्या खानदानाने उभं राहायचं नाही.

ओम आता बरा आहे. बाबांचं मात्र काही खरं नाही, त्यांनी दुधासाठी नवी वही घातलीय. हसा हवं तर, पण "निरंक" प्रामाणिकपणे लिहिणारा बाप होता, म्हणून बाईंना निदान लवकर सापडलं. तुमच्या मुलाच्या शीतून रक्त जात असेल, उलटी हिरवी होत असेल, पोट फुगत असेल किंवा वजन वाढत नसेल, तर वही-बिही न शोधता तडक डॉक्टर गाठा. एरवी दृष्ट काढायची तर खुशाल काढा, पण आधी दूध मोजा.