तिथं काहीच नाही

पन्नाशी उलटलेली बाई एकटीच गाडी घेऊन कच्छ-राजस्थानच्या वाळवंटात निघाली, की आजूबाजूच्यांना दोनच कारणं सुचतात. एक तर घरात बिनसलंय, नाहीतर बाईंना अध्यात्म लागलंय. जनावरांचे आणि पक्ष्यांचे फोटो काढायला चाललेय, हे तिसरं कारण मी सगळ्यांना सांगून पाहिलं. त्यावर मंडळी 'असू दे, नसेल सांगायचं तर नको सांगूस' अशा समजूतदार चेहऱ्याने मान हलवायची.

सासूबाईंचा प्रश्न सरळ होता. "तिथं काय आहे गं? वाळूच ना? ती आपल्याकडेही होती की नदीत." नवऱ्याने कमरेच्या पट्ट्याकडे बोट दाखवून बरोबर न येण्याचं कारण दिलं आणि फास्टॅगमध्ये पैसे भरत राहण्याची जबाबदारी उचलली. टोल कापल्याचे मेसेज त्याच्याच मोबाइलवर जायचे. दोन नाक्यांमधलं अंतर भागिले वेळ हे गणित तो घरबसल्या करी आणि भरूच यायच्या आत फोन, "अगं, किती पळवतेयस?" निघाले एकटी खरी, पण नवरा दर टोलनाक्याला भेटत होता.

सामानात सगळ्यात महत्त्वाची वस्तू म्हणजे बीनबॅग. गाडीच्या खिडकीवर ही पिशवी टाकायची आणि तिच्यावर लेन्स टेकवायची. दोन किलोची लेन्स हातात धरून अर्धा तास बसणं माझ्या मनगटाला आता जमत नाही. पिशवीत काहीतरी दाणेदार भरावं लागतं. सासूबाईंनी डब्यातला तांदूळ भरला, वर दोन वाट्या मूगडाळ ओतली आणि मिठाची पुडी ठेवली. "अडकलीस कुठं तर खिचडी होईल." जगभरातल्या वन्यजीव छायाचित्रकारांनी या पिशवीत काय काय भरलं असेल ते असो, माझ्या बीनबॅगेत सोय नव्हती ती फक्त फोडणीची. बाकी सगळी होती.

पहिला मुक्काम कच्छचं छोटं रण. हे नाव ज्याने ठेवलं त्याने मोठं रण आधी पाहिलं असणार. नुसतं घुडखर अभयारण्यच ४,९५४ चौरस किलोमीटरचं आहे. मुंबई शहर, उपनगरासकट, आठ वेळा त्यात मावेल. पावसाळ्यात इथं पाणी पसरतं, दिवाळीच्या आसपास ते ओसरतं आणि मग अगरिया कुटुंबं जमिनीखालचं खारं पाणी उपसून मिठाचे आगर मांडतात. आपली गाडी रणात घालायची नाही, हा पहिला नियम. वरून ठणठणीत दिसणाऱ्या पापुद्र्याखाली कुठं चिखल आहे, ते फक्त तिथल्या माणसाला कळतं. माझा जीपवाला बजाण्याकडचा. त्याने पहिला प्रश्न विचारला, "एकला आव्या छो, बेन?" हो म्हटल्यावर त्याने मागे वळून माझ्या रिकाम्या गाडीत एकदा खात्री करून घेतली.

घुडखर म्हणजे रानगाढव. बहिणीला फोनवर सांगितलं तेव्हा पलीकडून बराच वेळ आवाज आला नाही. मग ती म्हणाली, "गाढवं बघायला सातशे किलोमीटर? आपल्या कुंभारवाड्यात विचारलं होतंस का?" पण हे जनावर कुणाचं ओझं वाहत नाही. अंग बदामी, पोट पांढरं, मानेपासून शेपटीपर्यंत पाठीवरून काळपट पट्टा, आणि पळायला लागलं की ताशी साठ-सत्तरचा वेग. नवऱ्याला त्याचा टोल कळला असता तर फोन आलाच असता. १९६०च्या दशकात रोगाच्या साथींनी ही जमात चार-पाचशेच्या खाली आली होती. २०२४च्या गणनेत ७,६७२ भरली. आपल्याकडे वाढणाऱ्या आकड्यांत अभिमानाने सांगावेत असे थोडेच, त्यातला हा एक.

फोटोचं म्हणाल, तर वाळवंटात खरा धंदा सकाळी दोन तास आणि संध्याकाळी दीड तास. ऊन चढलं की तापलेल्या जमिनीवरची हवा नाचायला लागते आणि कितीही महाग लेन्स लावा, गाढवाचे पाय वितळतात. माझ्याकडे सहा पायांच्या घुडखराचा अस्सल फोटो आहे. त्यावर उपाय म्हणजे जवळ जाणं, आणि जनावराच्या डोळ्याच्या पातळीवर येणं. त्यासाठी पोटावर पालथं पडावं लागतं. पडणं सोपं आहे. उठताना आधी एक गुडघा, मग दुसरा, मग जीपवाल्याचा हात असा क्रम असतो, आणि तोवर घुडखर पाटडीच्या वाटेला लागलेलं असतं. कुर्त्याच्या पुढच्या बाजूला मिठाचा थर चढतो. तो झटकून मी बीनबॅगेतल्या पुडीत टाकला नाही, एवढाच संयम.

एकट्या बाईने सपाट रणात आणखी एका गोष्टीचं काय करायचं, हे कुठल्याही फोटोग्राफीच्या पुस्तकात नाही. आडोसा म्हणून दहा किलोमीटरवर क्षितिज असतं. मी एवढंच सांगते की चहा बेताने प्या आणि 'गांडो बावळ', म्हणजे आपली वेडी बाभूळ, या काटेरी परदेशी झाडाबद्दल पर्यावरणवादी जे काही वाईट बोलतात ते सगळं खरं असलं, तरी मी तिच्या ऋणात आहे.

तिथून उत्तरेला जैसलमेर. वाटेतल्या ढाब्यांवर "अकेले ही, बाईसा?" या प्रश्नाला मी निरनिराळी उत्तरं देऊन पाहिली. 'मागून येताहेत' हे उत्तर सगळ्यात चाललं. त्यावर गरम बाजरीची भाकरी आणि दुसऱ्या कुणाची तरी वाट बघणारी रिकामी खुर्चीही मिळायची.

सीमा जवळ आली की चौक्या लागतात. एका चौकीवर जवानाने खिडकीतून आत पाहिलं. शेजारच्या सीटवर लेन्स ओढणीत गुंडाळून बसवलेली होती आणि तिला पट्टा लावलेला होता, कारण न लावल्यास गाडी कोकलते.

"ये क्या है?"

"लेन्स. पक्ष्यांसाठी."

"और इस थैली में?"

"दाल-चावल."

तो थोडा वेळ माझ्याकडे, मग एमएच १२ कडे, मग पुन्हा पिशवीकडे बघत राहिला. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न असल्यामुळे त्याला पिशवी उघडणं भाग होतं. डाळ-तांदूळच निघाले. मीठही निघालं. "हळद नाही घातली?" असं त्याने हिंदीत विचारलं तेव्हा माझी सुटका झाल्याचं मला कळलं. गोडावण कुठं दिसेल, असं मी विचारलं. तो म्हणाला, "गोडावण? परसों यहीं सड़क पार कर रहा था." मी त्या सडकेवर दोन तास काढले. शेळ्यांनी ती ओलांडली, एका उंटाने ओलांडली, सांड्यानेही ओलांडली. हा काटेरी शेपटीचा जाडजूड सरडा बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतो आणि कॅमेऱ्याचा आवाज झाला की शेपूट आत ओढून घेतो. गाडीत बसून राहिलं तर तो हाताच्या अंतरावर येऊन गवत खातो. दार उघडून पाय खाली टेकवला की संपलं. वाळवंटातल्या जनावरांना मोटारीचं काही वाटत नाही, माणसाचं वाटतं.

गोडावण म्हणजे आपला माळढोक. राजस्थानचा तो राज्यपक्षी. डेझर्ट नॅशनल पार्क ३,१६२ चौरस किलोमीटरचं, जैसलमेर आणि बाडमेर या दोन जिल्ह्यांत पसरलेलं. पार्क म्हटल्यावर कमान, बाकडी, कारंजं शोधू नका; आत गावं आहेत, कळप आहेत, सेवण गवत, केर, खेजडी आणि रुईची झुडपं आहेत. सिनेमातल्या वाळूच्या टेकड्या थोड्या भागात, आणि समच्या बाजूच्या टेकड्यांवर उंटांपेक्षा लाउडस्पीकर जास्त. सुदासरीच्या कुंपणापलीकडे मात्र शांतता असते. तिथं पहाटे गवतातून दोन पांढऱ्या माना वर आल्या. काळी टोपी, मीटरभर उंची, आणि घाई अजिबात नाही. नर पंधरा किलोपर्यंत भरतो. पाचेक मिनिटं ते चालत होते, थांबत होते, पुन्हा चालत होते. माझ्या फोटोत ते दोन ठिपके आहेत. बहिणीला पाठवले तर तिने स्क्रीन पुसून पाहिली.

या पक्ष्याची गोष्ट विनोदी करता येत नाही, मी प्रयत्न केला. डोळे बाजूंना असल्यामुळे समोरचं त्याला धड दिसत नाही आणि अंग जड असल्यामुळे ऐनवेळी वळता येत नाही. आडव्या आलेल्या विजेच्या तारेवर तो आदळतो आणि मरतो. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. सगळे मिळून दीडशेच्या आसपास उरले, असा २०१८च्या सुमाराचा अंदाज होता. आणि हे गवताळ रान कागदोपत्री 'पडीक' असल्यामुळे सौरपट्ट्या आणि पवनचक्क्यांना तेच सापडतं. तिथं काहीच नाही ना! सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. काही तारांवर पक्ष्यांना दिसावं म्हणून वाऱ्यावर फिरणाऱ्या चकत्या लावल्यात. माझ्या जवळपास प्रत्येक फोटोत एक तरी तार आडवी आली आहे. आता सॉफ्टवेअरमध्ये एका क्लिकमध्ये ती पुसता येते. फोटोतली.

फलोदीला मन पुन्हा ताळ्यावर आलं. हे गाव दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध आहे. १९ मे २०१६ रोजी इथं ५१ अंश तापमान नोंदलं गेलं, आणि इथल्या सट्टाबाजारात निवडणुकीपासून पावसापर्यंत सगळ्याचे भाव फुटतात. शेजारच्या खीचनमध्ये हिवाळ्यात हजारो कुरजां उतरतात, आपण ज्यांना कांड्या करकोचा म्हणतो त्या. थेट मंगोलियाकडून हिमालय ओलांडून येतात आणि गावकरी चुग्गाघरात पोत्यांनी धान्य टाकून ठेवतात. चहाच्या टपरीवर मी गमतीने विचारलं, उद्या कुरजां दिसतील का, भाव काय? टपरीवाल्याने गंभीरपणे मान हलवली. कुरजांवर कोणी पैसे लावत नाही, म्हणाला, त्या येतातच. त्या आल्या, आणि गच्चीवर शेजारी उभ्या असलेल्या माणसाशी ओरडून बोलावं लागेल एवढा गलका घेऊन आल्या.

बिकानेरजवळच्या जोडबीडबद्दल जेवणाच्या वेळी वाचू नये. शहरातली मेलेली जनावरं इथं आणून टाकतात आणि थंडीत गिधाडं, स्टेपी गरुड शेकड्यांनी जमतात. जनावरांना देत असलेल्या डायक्लोफिनॅक या औषधाने देशभरची गिधाडं जवळजवळ संपवली. २००६ मध्ये त्यावर बंदी आली, पण अजूनही इतकी गिधाडं एकत्र दिसण्याच्या जागा फार नाहीत. मी काच खाली करून, बीनबॅग टाकून, नाकाला रुमाल बांधून सकाळभर बसले. शेजारच्या गाडीतलं कुटुंब कचोरी खात होतं. मेलेल्या जनावरांचा तो वास गाडीने पुण्यापर्यंत जपला. नवऱ्याने दार उघडलं आणि कमरेचं दुखणं विसरून दोन पावलं मागे उडी मारली.

राजस्थानातल्याच ताल छापरचे काळवीट सुंदर आहेत, पण त्यांच्यावर जास्त लिहीत नाही, कारण कर्जतजवळच्या रेहेकुरीतही ते तसेच सुंदर आहेत आणि तिथं जायला फास्टॅग फारसा लागत नाही. तीच गोष्ट माळढोकाची. सोलापूरपासून वीसेक किलोमीटरवर नान्नजला १९७९ मध्ये माळढोक अभयारण्य झालं, कागदावर साडेआठ हजार चौरस किलोमीटरचं. गावंच्या गावं त्यात आली, लोक वैतागले, पुढं ते सव्वाबाराशेपर्यंत आटलं. माळ उसाखाली गेले, उरलेल्या गवतात हिरवं दिसावं म्हणून झाडं लावली गेली, आणि ज्या पक्ष्याच्या नावाचा फलक रस्त्यावर आहे तो आता क्वचितच दिसतो. काळवीट आहेत, नशीब असेल तर लांडगाही दिसतो. जायचं असेल तर पहाटे जा, वनखात्याच्या माणसाला विचारून जा, आणि गवतावर सतरंजी पसरू नका. बीनबॅग लागली तर माझी घेऊन जा. डाळ मात्र बदलावी लागेल, तिला पोरकिडे झाले आहेत.