रेघ दाखव!

लंडनला राहणारे आमचे काका पाहुण्यांचे दोन वर्ग करतात : भिंग हातात घेणारे आणि नुसतं ‘छान आहे’ म्हणणारे. दुसऱ्या वर्गालाही चहा मिळतो, पण त्यात साखर घालायची राहून गेलेली असते.

पुण्याहून आलेला माणूस ‘लंडन आय’ बघायला उतावीळ असतो. काका त्याला आधी पॅसेजमध्ये उभं करतात. तिथं इंग्लिश चित्रकार जॉन मार्टिनचं ‘बेलशझरची मेजवानी’ टांगलंय, 1826 चं मेझोटिंट, म्हणजे धातूच्या प्लेटवरून कागदावर छापलेला ठसा. बॅबिलोनच्या राजाचा अफाट महाल, संपता न संपणारे खांब, वर खवळलेलं आभाळ, भिंतीवर झगझगणारी दैवी अक्षरं आणि खाली सैरभैर झालेली इवलीइवली माणसं.

“आधी लांबून. आता जवळून. आता भिंगातून,” काका फर्मावतात. मग ठरलेलं आव्हान : “यात एक रेघ दाखव, जेवण माझ्याकडून!” जेवण काकू तशाही वाढणारच असतात.

पाहुणा वाकून शोधायला लागला की काकांची कळी खुलते. “अरे, इथं आधी अंधार, मग उजेड!” आणि हवेतच रॉकर सुरू होतो. रॉकर म्हणजे करंजीसारखं गोल कडेचं, बारीक दातांचं पोलादी पातं. ते डोलवत डोलवत प्लेटवर उभं, आडवं, तिरपं इतकं फिरवायचं, की सगळी प्लेट खरखरीत व्हावी. तशीच शाई भरून छापली तर कागदावर नुसता मखमली काळा. तो खरखरीतपणा स्क्रेपरनं जितका खरवडावा तितकी छटा फिकी. बर्निशरनं घासून गुळगुळीत केलं की तिथं शाई ठरतच नाही, कागद पांढरा राहतो. “वीज काढत नाहीत, खरवडतात!” हे वाक्य म्हणताना काकांचं कोपर हमखास काकूंच्या कुंडीला लागतं.

माझ्या भाचीनं एकदा खरंच रेघ शोधली. मार्टिन मेझोटिंटच्या जोडीला आम्लानं रेघाही कोरायचा. “आजोबा, ही काय?” काका क्षणभर गप्प. मग म्हणाले, “ती एचिंग. ती धरत नाहीत.” पण तेव्हापासून ठशांचा नवा कॅटलॉग आला की पहिला फोन तिला.

लंडनमध्ये ऊन पडलं की लोक बागेत धावतात. काका पडदे ओढायला धावतात. कागद पिवळा पडतो ना! फ्रेमवाल्यानं प्लेटच्या कडेची दाबखूण कापलेला ठसा दिसला, तर घरात सुतक.

मार्टिन सगळीकडे उपयोगी पडतो. काकू म्हणतात, बाजाराची यादी करून न्या. काका म्हणतात, मार्टिननं ‘पॅराडाइज लॉस्ट’ची 24 चित्रं थेट प्लेटवर रचली, कच्चं रेखाटनसुद्धा न करता! आणि कोथिंबीर विसरून येतात. सिंक तुंबलं तेव्हा काकू प्लंबरचा नंबर शोधत होत्या, काका मार्टिनचे लंडनच्या सांडपाण्याचे आराखडे समजावत होते. “त्यापायी बिचाऱ्याचे पैसे गेले!” “आपलेही जाणारेत,” काकू म्हणाल्या.

काकांना मार्टिनचाच ‘प्रलय’ बेडरूममध्ये लावायचा होता. काकूंनी ठाम नकार दिला. तो सध्या जिन्याखाली, इस्त्रीच्या टेबलामागे आहे. काकूच तो दर शनिवारी मऊ फडक्यानं पुसतात, आणि वर पाहुण्यांना बजावतात, “काचेला हात लावू नका हं, 1828 चा आहे.”

विमानतळावर निरोप घेताना सगळे डोळे पुसतात. काका तेवढ्यात कानाशी येऊन म्हणतात, “पुढच्या वेळी दोन दिवस जास्त काढून ये. ‘निनेवेचं पतन’ राहिलंच.”